द्वारकामावशीचा हेल

मागच्या रविवारची गोष्ट. दुपारी होस्टेलच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि पलीकडच्या पलंगावर ओडिशाची झरना मोबाईल पोटावर ठेवून पिक्चर पाहत पडली होती. एकदम मोबाईलमधून एक बाई रडायला लागली. आधी बारीक, मग चढत चढत, शेवटी श्वास संपेपर्यंत लांबवलेला सूर, आणि त्या सुरात शब्द. माझ्या हातातला कुडता तसाच राहिला.

"भाषा समझ में नहीं आता," झरना म्हणाली, "पर चुडैल रोती एकदम असली है."

"हमारे गाव की है," मी म्हटलं.

"चुडैल?"

"आवाज."

ती हसून लोळली. तिला मी थट्टा करते असं वाटलं. इथं तामिळनाडूत, सूतगिरणीच्या होस्टेलात, वाशीम जिल्ह्यातलं मेडशीकडचं गाव कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं?

पडद्यावरची बाई आमच्या गावची नव्हतीच. ती मेक्सिको देशातली. तिकडच्या लोकांत तिची गोष्ट फार जुनी आहे म्हणे. नवऱ्यानं टाकलं, त्या रागात तिनं आपली दोन लेकरं नदीत बुडवली, आणि भानावर आल्यावर जी रडायला लागली ती मेल्यावरही थांबली नाही. पांढऱ्या झग्यात, ओल्या केसांनी नदीकाठी फिरते, आपली लेकरं शोधते, आणि ती सापडत नाहीत म्हणून दुसऱ्यांची नेते. त्या पिक्चरची सगळी भीती तिच्या रडण्यावर आहे. तोंड तर तिचं शेवटपर्यंत नीट दाखवतच नाहीत. ऐकू येतं ते रडणं. त्या पिक्चरला वऱ्हाडी आवाज भरले, त्यात ते रडणं आमच्या द्वारकामावशीचं आहे.

द्वारकामावशी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. नात्यानं ती माझी कोणी नव्हती. बुटकी, सावळी, पायात कधी चप्पल नाही. बोलताना तिचा आवाज इतका खाली की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. दुकानदार वैतागायचा, "द्वारकाबाई, साखर पाह्यजे का सुतळी पाह्यजे, जरा जोरानं सांगा न." ती दोन बोटांनी साखर दाखवायची. जोरानं बोलणं तिनं एकाच कामासाठी राखून ठेवलं होतं. ते काम पुढं सांगते.

तिची एक सवय गावाला पाठ होती. कोणाच्याही घरी गेली की आधी पाण्याच्या भांड्यांवर झाकणं घालायची, मग बसायची. बादली, घंगाळ, जनावरांचं टाकं, काही उघडं चालायचं नाही. "पाणी उघडं ठेवू नये," म्हणायची, "पाह्यत राह्यते थे." आमच्या न्हाणीतल्या टाक्यावर तिनं फरशीचा तुकडा आणून ठेवला होता. तो सरकवायला दोघं लागत. बाबा चिडायचे.

"टाकं हाय का समाधी हाय हे?"

"समाधी होऊ नये म्हून ठेवली," ती म्हणायची, आणि असं काही बोलून झाल्यावर हसायची. तिचं ते हसणं मला लहानपणापासून आवडायचं नाही. अंगावर यायचं.

गावात अंगणवाडी होती, तिथं ती मदतनीस. खिचडी शिजवायची, लेकरांचे हात धुवायची, नाकं पुसायची. सुट्टी झाली की लेकरं पळत घरी जातात, सगळीकडं जातात. आमच्याकडं जात नसत. ती दारात पाय आडवा टाकून बसायची आणि आईच्या हातात लेकराचा हात दिल्याशिवाय एकालाही सोडायची नाही. आजी आली तर चालेल, मोठी बहीण आली तर नाही. पावसात आया दारात उभ्या राहून कुरकुरायच्या. जयश्रीवहिनी, आमच्या गल्लीतली, तोंडानं फटकळ, एकदा म्हणाली, "मावशी, पोरगी हाय माही. रजिस्टरचं टपाल नाही."

"टपाल हरपलं तं दुसरं येते," मावशी म्हणाली. "हात दे."

हा हात तिला का लागायचा ते गावाला माहीत होतं. तिची दोन लेकरं, संतोष आणि वंदना, गावाच्या वरच्या अंगाला जे लहानसं धरण आहे त्यात बुडून गेली होती. मी तेव्हा जन्मले नव्हते. नवरा त्यांच्यामागं दोन वर्षांत गेला. तरी गावानं आपली लेकरं तिच्या हाती दिली. अंगणवाडी लागली तेव्हा एकाही आईनं नाही म्हटलं नाही. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. हा भरवसा होता, आणि तो गेला असता तर तिला सकाळी उठायला कारण राहिलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता ते काम. आमच्याकडं मयतीच्या घरी बाया हेल काढून रडतात. नुसतं रडणं वेगळं. हेलात मेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याचं काय राहून गेलं, कोणी काय केलं, सगळं सुरात सांगायचं. द्वारकामावशीसारखा हेल वाशीमकडच्या मालेगाव तालुक्यात कोणाचा नव्हता. दुसऱ्या गावाहून तिला न्यायला गाडी यायची. आणि हेलाचा एक कायदा असतो. हेलात जे म्हटलं त्यावर कोणी भांडायचं नाही, कारण ते मेलेल्याला सांगितलेलं असतं. मेलेल्याला कोणी खोटं सांगत नाही. जमिनीचा वाद असो, सुनेचा छळ असो, हेलात निघालं म्हणजे ते खरं, असं गाव धरून चालतं.

माझी आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आठवीनंतर शाळा सुटली होती, कारण पुढची शाळा मेडशीला आणि आईचं आजारपण घरात. आई जाऊन नऊ दिवस झाले नव्हते तर बाबांनी माझ्यासाठी एक स्थळ पक्कं करत आणलं होतं. मुलाचं वय बत्तीस. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी काही म्हणणारही नव्हते. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. दहाव्याला नातेवाईक जमले, बाया रडायला बसल्या, आणि मावशीनं पदर डोक्यावर ओढून हेल धरला.

"पारबते वं माह्ये बाई, तुह्या जागेवर आजून ऊन नाही पडलं वं... तुह्या लेकीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले वं... तुही लेक तं आजून माह्याजवळ येऊन झोपते वं बाई, झोपेत तुह्या नावानं वरडते वं... तिच्याहून डबल वयाचा नवरदेव पाह्यला वं पारबते, तू असती तं त्याले चहा तरी पाजला असता का वं..."

आईचे तीन भाऊ अंगणात बसले होते. त्यांनी माना वर केल्या. बाबा खांबाला टेकून उभे होते, त्यांचं तोंड पडलं. बोलायची सोय नव्हती. हेल चालू होता. त्याच संध्याकाळी मोठ्या मामांनी ते स्थळ मोडलं. मी पुढं शिवणकाम शिकले, आणि पुढं इथं आले. मी आज जी काही आहे ती त्या दहा मिनिटांमुळं आहे. मावशीनं त्याचा पुन्हा एका शब्दानं उल्लेख केला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाली, "टाक्यावरची फरशी कोनं सरकवली वं शितले?"

तिच्या हेलाची ओळख अतुलला मीच करून दिली. अतुल माझा मामेभाऊ. वाशीमला बसस्टँडमागं एका दुकानावरची खोली घेऊन राहायचा. परदेशी पिक्चरांचे तुकडे घ्यायचे, त्यात वऱ्हाडी बोलणं भरायचं आणि मोबाईलवर टाकायचं, हा त्याचा उद्योग. गोरा साहेब बंदूक रोखून म्हणतो, "काहून बे, लय चरबी आली का?" आणि लोक हसून मरतात. मी इथं यायच्या आधी त्यानं हा मेक्सिकोचा पिक्चर घेतला. म्हणाला, यात हसवायचं नाही, यात लोकांची झोप उडवायची. सगळं जमलं, रडणं जमेना. वाशीमच्या दोन मुलींना रडवून पाहिलं. "थ्या रडून राह्यल्या का शिंकून राह्यल्या तेच समजत नाही," तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, आमची मावशी आहे.

मावशी यायला तयार झाली, कारण मी म्हटलं म्हणून. खोलीच्या भिंतींना त्यानं गाद्या लावल्या होत्या, खिडकीला गोधडी. मावशीनं आत आल्या आल्या कोपऱ्यातल्या बादलीवर ताट झाकलं. मग अतुलनं तिला कॉम्प्युटरवर पिक्चर दाखवला. ती नाकाला पदर लावून पाहत होती. मला वाटलं घाबरली. ती म्हणाली, "हिले शेजार नाही का?"

"काय मावशी?"

"एवढी रडून राह्यली, हिच्याजवळ बसाले एक बाई येत नाही? कसं गाव हाय हे?" थोडं पाहून पुन्हा म्हणाली, "अन् हा झगा. पदरच नाही तं डोळे कशानं पुसत असन?"

अतुल हसत सुटला. मग त्यानं तिला समजावलं, "मावशी, ही चांगली बाई नाही. भूत हाय. बदला घेते. हिचं रडणं जवळून आलं तं समजाचं थे दूर हाय, अन् दुरून आलं तं समजाचं थे मांगंच उभी हाय."

"कोनाचा बदला?"

"नवऱ्याचा. जगाचा. लेकरं मारले न तिनं आपले."

मावशीनं पडद्यावरची नजर काढली. मग म्हणाली, "लेकराईचे नाव काय?"

त्यानं सांगितली. ती परदेशी नावं तिच्या जिभेवर बसेनात. दोनदा म्हणून पाहिली, तिसऱ्यांदा मान हलवली. "नावाबिगर हेल नाही निघत बाबू."

"मंग कोन्तंबी नाव घ्या मावशी, कोन पाह्यते? फक्त एक वाक्य पाह्यजे मले. 'म्याच बुडवलं.' थे आलंच पाह्यजे."

मावशी खाली जमिनीवर बसली. पदर ओढला. त्या गादीच्या खोलीत बाहेरचा एक आवाज येत नव्हता. मग तिचा सूर निघाला.

"संतोषा रे माह्या राजा... वंदे वं माह्ये पाखरा... कुठी गेले रे माहे लेकरं, कोन्या पान्यात शोधू रे... म्याच म्हन्लं रे जा, माह्या तोंडानं म्हन्लं रे... हात धरून नाही नेलं रे, उभ्यानं पाठवलं रे... म्याच बुडवलं रे संतोषा, म्याच बुडवलं वं वंदे..."

पंधरा मिनिटं. अतुलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो अंगठा वर करून मला दाखवत होता की भारी होऊन राह्यलं. ती नावं कोणाची ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगू शकत होते. मी गोधडीच्या टोकाचा दोरा ओढत बसले.

परतीच्या बसमध्ये मावशीनं मला ते सांगितलं, जे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ती तण निंदायला गेली होती. लेकरं दुपारी वावरात आली, अंगभर चिखल. ती म्हणाली, जा, धरणावर जाऊन आंग धून या. एवढंच. तिनं मान वर करूनही पाहिलं नव्हतं. "एक तास राह्यलं होतं निंदाचं," म्हणाली, म्हणजे पिकाची एक ओळ.

अतुलनं पिक्चर टाकला आणि तो पसरला. वाशीम, अकोला, यवतमाळ, कुठून कुठून. गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आला. पहिले दोन दिवस लोक मावशीला हसत होते, "मावशी, मेक्सिकोच्या सूनबाई झाल्या तुमी!" लेकरं तिच्यासारखं रडायची, गल्लीत खेळ झाला होता. एकानं भूत व्हायचं, बाकीच्यांनी पळायचं. तिसऱ्या दिवशी कोणा म्हाताऱ्या बाईनं ते नीट ऐकलं. नावं ऐकली.

जयश्रीवहिनी विहिरीवर आली तेव्हा मी तिथं होते. ती सगळ्यांना म्हणाली, "संतोष अन् वंदी. तेच नाव. अन् काय म्हन्ते? म्याच बुडवलं."

"पिक्चर हाय थो," कोणीतरी म्हटलं.

"पिक्चरमधल्या लेकराईचे नाव संतोष अन् वंदी अस्तात का? अन् हेलात कोनी खोटं बोलते का, सांग न मले."

मी म्हणायला हवं होतं की नावाशिवाय तिचा सूर निघत नाही, ते एक वाक्य अतुलनं दिलेलं होतं. पण मग लोक म्हणाले असते, "तूच नेली तिले." आणि 'म्याच म्हन्लं जा' याचा अर्थ सांगावा तर तिचं बसमधलं बोलणं सांगावं लागलं असतं. मी दोर ओढत राहिले. भरलेली बादली हिंदकळून पाय भिजले.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत अकरा लेकरं आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार. मग एकही नाही. मावशी खिचडी शिजवून दारात पाय आडवा टाकून बसलेली, आत कोणी नाही. सेविकाबाईंनी तिला हळूच सांगितलं की गावानं अर्ज दिलाय, तुम्ही काही दिवस येऊ नका. शेजारच्या गावात एक मयत झाली, तिला न्यायला गाडी आली नाही. आमच्याच गल्लीत एक म्हातारा गेला तेव्हा ती पायरीपर्यंत गेली, तर घरच्या सुनेनं आतून आपलं तान्हं उचललं आणि दुसऱ्या खोलीत नेलं. मावशीनं ते पाहिलं आणि परत आली. अतुलला मी फोन केला, काढून टाक. तो रडवेला झाला. "काढला बाई, पण लोकाईनं उतरवून घेतला न. आता थो माह्या हातात नाही."

मी तिच्याकडं भाकरी घेऊन जायची. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही मनात एकदा येऊन गेलं. ती चुलीसमोर बसली होती. "उभ्यानं पाठवलं," म्हणाली आणि हसली. मला वाटलं, खरंच असेल तर? माझ्यावर जिचे एवढे उपकार, तिच्याविषयी मी असा विचार केला. त्यानंतर मी दोन दिवस गेले नाही.

मग परी हरवली. जयश्रीवहिनीची चार वर्षांची पोरगी. दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेली, तूर माणसाच्या डोक्यावर. सकाळी परीनं आईचा मोबाईल बादलीत टाकला म्हणून जयश्रीवहिनीनं तिला दोन रपाटे दिले होते. दुपारपासून पोरगी दिसेना. चार वाजता सगळं गाव बाहेर होतं. माणसं तुरीत शिरून ओरडत होती, "परी! ए परी!" आणि बाया मात्र मावशीच्या दारात जमल्या होत्या.

"कुठी हाय माही पोरगी?" जयश्रीवहिनीचा आवाज फाटला होता. "बोल न! दोन पुरले नाही का तुले?"

एका माणसाच्या हातात काठी होती. मी भिंतीच्या या बाजूलाच उभी राहिले.

मावशी बाहेर आली. तिनं जयश्रीवहिनीकडं पाहिलंच नाही. ती कान देऊन ऐकत होती. मग ती चालायला लागली, तुरीच्या दिशेनं, आणि सगळे तिच्या मागं. तुरीचा तो पट्टा गाव आणि धरण यांच्या मध्ये आहे. बांधावर पोचल्यावर ती वळली आणि ओरडली. हेलाशिवाय तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"गप्प बसा! सारे गप्प बसा! मार खाल्लेलं लेकरू हाय थे. तुमी इकडून वरडून राह्यले, थे तिकडे सरकून राह्यलं. तिकडे काय हाय?"

तिकडं पाणी होतं.

सगळे थिजले. कोणाला ते सुचलं नव्हतं. मावशी बांधाबांधानं धावत सुटली. पन्नाशीपुढची बाई, अनवाणी, कापलेल्या सोयाबीनच्या खुंटांवरून. तुरीला वळसा घालून ती धरणाच्या बाजूला गेली आणि दिसेनाशी झाली. माणसं ओरडायची थांबली होती. तूर हलत नव्हती. ऊन उतरलेलं, फुलं पिवळी, आणि एवढी सगळी माणसं असून नुसती शांतता.

मग ते रडणं आलं. मोबाईलमधलं. तेच, शब्दाला शब्द. "कुठी गेले रे माहे लेकरं, कोन्या पान्यात शोधू रे..." ती पाण्याच्या काठावर होती, निदान दोन फर्लांग लांब, पण मला ते मानेमागून ऐकू आलं. काठीवाल्या माणसानंही वळून पाहिलं. "संतोषा रे... वंदे वं... म्याच बुडवलं रे..." एका बाईनं कानावर हात ठेवले. आवाज जवळ येत होता. ती तुरीच्या त्या टोकाला शिरून इकडं येत होती, जनावर हाकावं तशी, आणि रडत होती.

तुरीत खसफस झाली. परी बाहेर आली ती किंचाळत, "थे आली! मम्मी थे आली!" आणि सरळ आईच्या पोटात शिरली. तिच्या गालांवर तुरीचे ओरखडे होते. आणि ती गुडघ्यापर्यंत ओली होती.

जयश्रीवहिनीनं पोरीचे ते ओले पाय हातानं चाचपले, दोनदा, तीनदा. मावशी तुरीतून बाहेर आली, केस सुटलेले, लुगडं फाटलेलं, धापा टाकत. परीनं तिला पाहिलं आणि अशी किंचाळली की अजून माझ्या कानात आहे. मावशी जागेवरच थांबली. मग दोन पावलं मागं गेली. पुन्हा तुरीत. पोरीला दिसू नये म्हणून.

कोणी तिला शाबास म्हटलं नाही. परत येताना काठीवाला म्हणत होता, "तिले बरं समजलं पोरगी कुठी हाय थे." पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीगल्लीत मी एकच ऐकलं. पोरं धरणाकडं निघाली की आया दारातून ओरडायच्या, "द्वारकी येईन हो!" आणि पोरं फिरायची. पोहायला जाणारी, गळ टाकायला जाणारी, म्हशी धुवायला जाणारी, सगळी. जयश्रीवहिनी सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची.

मला इथल्या गिरणीचं बोलावणं आलं तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं गेले. मी ठरवून गेले होते. म्हटलं, "मावशी, मले सांगू दे सगळ्याईले. नाव तू काहून घेतले, थे वाक्य कोनाचं होतं. बसमधलं बी सांगू दे. तू फक्त आंग धुवाले पाठवलं होतं. लोक समजतीन. अंगणवाडीत परत घेतीन तुले."

ती तांदूळ निवडत होती. कोणासाठी एवढे, ते मी विचारलं नाही.

"अन् मंग?" ती म्हणाली.

"मंग काय? लेकरं येतीन न तुह्याजवळ."

"येतीन. अन् उद्या धरनावर बी जातीन." तिनं ताट झटकलं. "द्वारकी चांगली हाय म्हन्लं का कोन भिईन तिले? माहे लेकरं कशाले भेत नोते शितले. भुताले नाही, साधूले नाही, अंधाराले नाही. म्या कशाचंच भेव नाही घातलं त्याईले. लेकरं भेकड होतात म्हने. लय शहानी होती मी." मग तिचा तो खालचा आवाज आणखी खाली गेला, मला पुढं वाकावं लागलं. "राहू दे भेव. दोघं गेले, तिसरं तं नाही गेलं."

"पण तुले काय म्हन्तात लोक—"

"मी कुठी ऐकाले जाऊन राह्यली? म्हनू दे." आणि ताट बाजूला ठेवून, "रोज जातो मी आता धरनाच्या पाळीवर. दुपारच्याले. त्याच टायमाले पोट्टे निघतात."

मी रडायला लागले तर तिनं मला रागावलं. रडायचं तर शब्द धरून रड म्हणाली, नुसतं काय नाक वाजवतं.

हे सगळं मी इथं लिहिते, कारण हे वाचणारी माणसं मोठी असतील आणि आमच्या धरणापासून लांब असतील. गावात मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं मी वाशीमला निघाले. स्टेशनवरून पुढं गाडी होती. बस धरणाजवळून जाते, वळणावर तिचा वेग कमी होतो. माझ्या शेजारी मेडशीच्या बाजाराला निघालेली एक बाई होती, मांडीवर पाच-सहा वर्षांचा मुलगा, त्यानं तोंड खिडकीला लावलेलं. पाळीवर मावशी उभी होती. उन्हात एकटी, पदर डोक्यावर, पाण्याकडं पाठ. पलीकडून तीन पोरं गळ घेऊन येत होती. तिचं तोंड उघडलं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, फक्त दिसलं की पोरं थांबली, आणि गळ टाकून पळाली.

मुलानं विचारलं, "मम्मी, थे काय करून राह्यली?"

"तेच व्हय थे," ती बाई त्याला म्हणाली. "मोबाईलवाली." मग माझ्या पिशवीकडं पाहून म्हणाली, "तुमी ह्याच गावच्या न? खरंच का हो, बुडवले तिनं आपले लेकरं?"

मुलगा खिडकी सोडून माझ्याकडं पाहायला लागला. त्याचे डोळे मोठे झाले होते. त्यांच्या गावालाही धरण असेल, विहीर तरी असेलच.

"हो," मी म्हटलं.